कावळा तुला बघतोय!

तुझ्या घरी वाळवण राखायचं काम कोणाकडे असतं? तुझ्याकडेच ना?

मग तुझी आणि कावळ्याची गाठ नक्की पडली असणार! तो गच्चीच्या कठड्यावर येऊन बसतो. मान तिरकी करतो. तू गोष्टीच्या पुस्तकात डोकं घातलंस, की टुणकन एक उडी पुढे. तू मान वर केलीस, की साहेब भलतीकडेच बघतात! जणू कुरडयांशी त्यांचा काही संबंधच नाही. आणि तू घोटभर पाणी प्यायला खाली गेल्याबरोबर... गेली कुरडई!

हा योगायोग नाही बरं का. माणसाची नजर कुठे आहे, याकडे कावळ्यांचं फार बारीक लक्ष असतं.

आणि याहून मोठी गंमत ऐकायचीय? कावळे माणसांचे चेहरे ओळखतात! कोणता माणूस भला आणि कोणता दगड मारणारा, हे त्यांच्या पक्कं लक्षात राहतं. आपल्याला मात्र एक कावळा दुसऱ्यापासून वेगळा सांगता येत नाही. खरं की नाही?

हे शोधून काढलं अमेरिकेतल्या सिॲटल शहरात. तिथल्या विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाचे पक्षितज्ज्ञ काम करत होते. पक्ष्यांचा अभ्यास करायचा तर आधी त्यांना अलगद पकडायचं, पायात रंगीत कडी घालायची आणि सोडून द्यायचं. त्याने पक्ष्यांना इजा होत नाही. पण कावळ्यांना काय माहीत? एकदा पकडलेला कावळा पुढे पकडणाऱ्यांना बघून कावकाव करत सुटायचा! मार्झलफ यांना प्रश्न पडला. याला आपला चेहरा आठवतो? की कपडे? की चालण्याची ढब?

मग २००६ साली त्यांनी एक युक्ती केली. तोंडावर मुखवटा चढवला. कसला, सांग बघू? गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचा! तो घालून ७ कावळे पकडले, कडी घातली आणि सोडून दिले.

आता पुढची मजा ऐक. त्यानंतर कोणीही तो मुखवटा घालून आवारात नुसता फेरफटका मारला, तरी कावळे डोक्यावर येऊन थयथयाट करायचे! बाई असो की पुरुष, उंच असो की ठेंगणा. मुखवटा दिसला, की झाली कावकाव सुरू! दुसरा एखादा मुखवटा घालून तोच माणूस गेला, तर मात्र कोणी फारसं लक्ष देत नसे. एकदा तर मुखवटा उलटा घातला, हनुवटी वर आणि कपाळ खाली. तेव्हा काही कावळ्यांनी चक्क आपलीच मान उलटी करून बघितलं!

पण थांब, खरी कमाल पुढेच आहे. पकडले होते किती? फक्त ७. काही वर्षांनी मार्झलफ तोच मुखवटा घालून फिरायला निघाले. वाटेत ५३ कावळे भेटले. त्यांतले ओरडले किती असतील? ४७!

अरे, पण हे बाकीचे का ओरडले? त्यांना तर कोणी हातही लावला नव्हता! मोठ्यांचं बघून पिल्लं शिकली. शेजाऱ्यांचं बघून शेजारी शिकले. एका वर्गात सरांनी कोणाला रागावलं, की मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत बातमी पोचते ना? अगदी तस्संच!

सिॲटलचे ते कावळे आपल्या कावळ्यांचे चुलतभाऊ. मग आपल्या वर्धा जिल्ह्यात या घराण्यातलं कोण कोण राहतं?

पहिला गावकावळा. मान राखाडी, बाकी अंग काळं. मधल्या सुट्टीत तुझ्या डब्याकडे आशेने बघणारा हाच. याला माणसांशिवाय करमतच नाही! गाय दिसली, तर तिच्या पाठीवर जाऊन बसतो आणि गोचिडं टिपतो. आपल्याकडच्या पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गाई त्याला मुकाट्याने बसूही देतात. फुकटची साफसफाई कोणाला नको असते?

हाच गावकावळा जहाजांवर बसून परदेशीही पोचलाय! आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर तर सव्वाशे वर्षांपूर्वी त्याला मुद्दाम नेलं होतं. कशाला? कचरा साफ करायला! पण तो तेवढ्यावर थांबतो होय? पुढे केनिया देशातही पसरला आणि तिथल्या छोट्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करू लागला. शेवटी २०२४ साली केनियाने १० लाख कावळे कमी करायचं जाहीर केलं. आपला गाववाला तिथे भलतीच डोकेदुखी होऊन बसलाय!

दुसरा डोमकावळा. चोचीपासून शेपटापर्यंत काळा कुळकुळीत. चोच जाडजूड, आवाज घोगरा. गावाबाहेर, वावरात, जंगलात याचं राज्य.

आणि तिसरा? त्याला बघून तू म्हणशील, हा कुठला कावळा! अंग बदामी-विटकरी, डोकं काळं, पंखावर पांढुरका पट्टा. शेपूट तर एवढं लांब, की अर्धा पक्षी म्हणजे शेपूटच! त्याचं नाव टकाचोर. फळं, किडे, पाली, दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी, जे मिळेल ते उचलतो. जास्तीचं झालं, तर पुढच्या भुकेसाठी लपवूनही ठेवतो. जंगलात हरणांच्या अंगावरच्या गोचिडांवरही ताव मारतो.

डोमकावळा आणि टकाचोर हे दोघे एकाच ठिकाणी बघायचे, तर सेलू तालुक्यातल्या बोरला चल. बोर धरणाच्या भोवतीचं हे जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. भारतातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. पण लहान असलं म्हणून काय झालं? वाघ तर आहेत ना!

तिथे वाघाने शिकार केली, की सगळ्यात आधी बातमी कोणाला लागते? डोमकावळ्याला! वाघ शिकार ओढत झुडपात नेतो आणि झाकून ठेवतो. उंच आकाशातून ती दिसणं कठीण. पण डोमकावळे झाडाझाडांमधून हिंडत असतात. एकाला दिसली, की त्याची कावकाव. मग दुसरा येतो. मग तिसरा. बघता बघता झाडावर सभा भरते! जंगलात फिरणारी माणसं त्या गलक्यावरून ओळखतात, की इथे जवळपास वाघाची किंवा बिबट्याची शिकार पडलेली आहे. आपले थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनीही हे लिहून ठेवलंय. वाघाने एवढं गुपचूप काम करावं, आणि कावळ्याने गावभर दवंडी पिटावी!

आता जंगलातून पुन्हा गावात येऊ. लहानपणी तू काऊ-चिऊची गोष्ट ऐकलीच आहे. काऊचं घर शेणाचं, पाऊस आला आणि वाहून गेलं. बिचारा काऊ!

छे! खरा काऊ इतका कच्चा नाही. त्याच्या घरात शेण नावालाही नसतं. असतात काटक्या आणि तारा! हो, तारा! बांधकामावर पडलेली बारीक तार, विजेच्या वायरीचे तुकडे, काय मिळेल ते. आधी काटक्यांचा ओबडधोबड सांगाडा रचतो, त्यात तार वाकवून अडकवतो, आणि मग आत काथ्या, केस, चिंध्या यांची मऊ गादी. जपानच्या टोकियो शहरात डोमकावळ्याचे भाऊबंद काय करतात माहीत आहे? दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे तारेचे हँगर पळवतात आणि त्यांचीच घरटी बांधतात!

आपल्याकडे हे बांधकाम ऐन उन्हाळ्यात चालतं. मग त्यात ३ ते ५ अंडी येतात. निळसर-हिरवी, त्यांवर तपकिरी ठिपके.

आणि नेमक्या याच वेळी शेजारच्या आंब्यावरून आवाज येतो. कुहू! कुहू!

ओळखलंस ना? पण थांब, हा आवाज कोकिळेचा नाहीच! तो ओरडतो कोकीळ, म्हणजे नर. काळाभोर, लालभडक डोळ्यांचा. मादी वेगळीच दिसते. तपकिरी अंग आणि त्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. ती कुहू करत नाही, नुसतं किक् किक् करते.

आता या जोडीचं नाटक बघ. कोकीळ मुद्दाम कावळ्याच्या घरट्यापाशी येतो. कावळे खवळतात आणि त्याच्या मागे लागतात. तो पळतो, हे पाठलाग करतात. घरट्यावर कोण उरलं? कोणीच नाही! कोकिळा पानांतून हळूच येते. घरट्यात बसते. अंडं घालते. आणि पसार! कधी कधी जाता जाता कावळ्याचं एखादं अंडंही कमी करून जाते. कावळे परत येतात, तेव्हा सगळं कसं शांत शांत!

जरा हिशोब मांड. कावळ्याचं अंडं उबायला १६-१७ दिवस लागतात. कोकिळेचं १२ ते १४ दिवसांतच फुटतं. म्हणजे पाहुण्याचं पिल्लू आधी बाहेर! ते चोच वासतं, आणि कावळीण भरवत सुटते. काही जणांना वाटतं, की हे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांना घरट्याबाहेर ढकलून देतं. कोकिळेच्या कुळातले काही दुसरे पक्षी असा दुष्टपणा करतात खरा. आपल्या कोकिळेचं पिल्लू मात्र सहसा तसं करत नाही. मानलेल्या भावंडांबरोबरच वाढतं. फक्त खाण्यात पहिला नंबर लावतं!

मग मला सांग, माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवणारा कावळा अंड्याला कसा फसतो? एक म्हणजे कोकिळेचं अंडं जरा लहान असलं, तरी रंगाने आणि ठिपक्यांनी खूपच मिळतंजुळतं असतं. दुसरं, संशय आला तरी करणार काय? परकं समजून आपलंच अंडं फेकलं, तर केवढं नुकसान! त्यापेक्षा सगळीच उबवलेली बरी. मला तरी यात कावळा मूर्ख वाटत नाही. कोकिळा जास्त बिलंदर वाटते!

आता एक धक्का देऊ? पक्ष्यांमध्ये ‘गाणारे पक्षी’ असा एक मोठा गट शास्त्रज्ञ मानतात. त्यात बुलबुल आहे, दयाळ आहे, सुगरण आहे. कोकीळ आहे का? नाही! आणि कावळा? आहे!! गळ्यातलं आवाज काढायचं यंत्र कसं आहे, यावरून हा गट ठरतो, आणि कावळ्याच्या गळ्यात गवयाचं यंत्र आहे. फक्त साहेब गात नाहीत, गप्पा मारतात. दुपारी दोन कावळे शेजारी बसून एकमेकांची पिसं विंचरतात ना, तेव्हा कान देऊन ऐक. घशातल्या घशात कुर्रर्र असा मऊ, लाडिक आवाज येईल. हा कावळाच का, असा प्रश्न पडेल!

बरं, तहानलेल्या कावळ्याची गोष्ट खरी असेल का? खडे टाकून पाणी वर आणणारा?

२००९ साली इंग्लंडच्या दोन शास्त्रज्ञांनी हे करूनच बघितलं. त्यांतल्या एकाचं आडनावच बर्ड, म्हणजे पक्षी! त्यांच्याकडे रूक जातीचे ४ कावळे होते. कुक, फ्राय, कॉनेली आणि मनरो अशी त्यांची नावं. एका उभ्या नळीत थोडं पाणी घातलं. पाण्यावर अळी तरंगत ठेवली. चोच पोचत नव्हती. बाजूला दगड ठेवले. आणि कुक आणि फ्राय यांनी पहिल्याच खेपेला दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी मटकावली! उरलेल्या दोघांना दुसरी खेप लागली. लहान-मोठे दगड ठेवले, तर यांनी मोठे निवडले. पाण्याऐवजी लाकडाचा भुसा भरला, तर लवकरच त्यांच्या ध्यानात आलं, की इथे दगड टाकून उपयोग नाही. गोष्टीतला कावळा इतका पुढे गेला नव्हता!

आणि बेटीचं ऐक. ही ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या न्यू कॅलिडोनिया बेटावरच्या जातीची कावळी. ऑक्सफर्डला शास्त्रज्ञांनी नळीत एक पिटुकली बादली ठेवली. बादलीत मांसाचा तुकडा. बाहेर दोन तारा, एक सरळ आणि एक आकड्यासारखी वाकवलेली. आकडा बरोब्बर निवडता येतो का, एवढंच बघायचं होतं. पण तिचा जोडीदार एबल आकडा घेऊनच उडून गेला! आता? बेटीने सरळ तार घेतली, टोक अडकवलं, वाकवलं, आणि स्वतःचा आकडा तयार करून बादली वर ओढली! हे २००२ साली छापून आलं आणि जगभर चर्चा झाली. त्या जातीचे जंगलातले कावळेही काड्या वाकवून हत्यारं करतात, हे पुढे कळलं.

अगदी अलीकडे, २०२४ साली, जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावच्या शास्त्रज्ञांनी ३ कावळ्यांना मोजून ओरडायला शिकवलं. एक खूण दाखवली, की एकदाच काव. दुसरी दाखवली, की दोनदा. असं चारपर्यंत! चुका व्हायच्या, पण बहुतेक वेळा जमायचं.

एवढी अक्कल मावते कुठे? कावळ्याचा मेंदू तर जेमतेम अक्रोडाएवढा! पण पक्ष्यांच्या मेंदूतल्या विचार करणाऱ्या पेशी फार लहान असतात आणि दाटीवाटीने बसलेल्या असतात. एका वाटीत लाडू किती मावतील? एक. आणि मोहरी? मोजून दमशील!

आणखी एक कोडं राहिलं. कावळ्याला एकच डोळा असतो, असं तू आजीकडून ऐकलं असेल. डोळे दोन असतात आणि दोन्ही धड असतात! पण ते डोक्याच्या दोन बाजूंना आहेत ना? म्हणून एखादी वस्तू नीट निरखायची, तर मान वळवून एकेका डोळ्याने बघावं लागतं. त्यामुळे लांबून वाटतं, की दुसरा नाहीच.

आणि पितृपक्षात गच्चीवर पान ठेवलं, की कावळा समोर बसूनही लवकर येत नाही, ते का? आजी म्हणेल, काहीतरी राहून गेलं असेल. मला विचारशील, तर कारण तिथेच उभं असतं! कावळे नव्या वस्तूला भयंकर बिचकतात. रोज रिकाम्या असणाऱ्या जागी आज एकदम मोठं पान, त्यावर ढीगभर जेवण, आणि घरातली सगळी माणसं टक लावून बघताहेत. तुझी तरी पुढे जायची हिंमत झाली असती का? सगळे आत जा. मग बघ.

संध्याकाळी मात्र या भित्र्यांचा थाट वेगळाच असतो. शेकडोंच्या संख्येने, कधी हजारोंनी, ठरावीक झाडांवर ते झोपायला जमतात. साळुंक्या आणि पोपटही तिथेच येतात. काय तो गोंधळ! कावळ्यांच्या वस्तीला लेखक मारुती चितमपल्लींनी ‘काकागार’ असं झकास नाव दिलंय.

आता तुझी पाळी. वर्ध्याचा उन्हाळा तुला माहीत आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पक्ष्यांना घाम येत नाही, म्हणून कावळे चोच उघडी टाकून धापा टाकत बसतात. कूलरखाली ठिबकणाऱ्या पाण्यापाशीही येतात. तू गच्चीवर सावलीत मातीचं पसरट भांडं भरून ठेव. थोड्याच दिवसांत एखादा कावळा वाळलेली पोळी घेऊन येईल. ती पाण्यात टाकेल. थांबेल. चोचीने उलटी करेल. मऊ झाली, की उचलून खाईल! कडक टोस्ट चहात बुडवतात ना, तीच युक्ती. त्याला कोणी शिकवली, कोणास ठाऊक!

येणाऱ्यांतला एखादा ओळखता येतो का, तेही बघ. पंखातलं एखादं पीस तुटलेलं, पाय जरा लंगडा, मानेचा राखाडी रंग फिका, अशी काहीतरी खूण शोध आणि त्याला नाव दे. भांड्यातलं पाणी मात्र रोज बदल.

एक सूचना. मे-जूनमध्ये घरट्याच्या झाडाखाली रेंगाळू नकोस. पिल्लं असली, की कावळे मागून येऊन डोक्यावर टोच मारतात. दगड तर मुळीच मारू नकोस. तो मार्झलफ यांचा मुखवटा आठवतोय ना?

आणि जून-जुलैत नीट लक्ष ठेव. कावळा एखाद्या ठिपक्याठिपक्यांच्या, लांब शेपटीच्या पिल्लाला भरवताना दिसला, तर ते कोकिळेचं! वहीत तारीख, जागा आणि झाडाचं नाव लिही, जमलं तर चित्र काढ, आणि आम्हाला पत्र पाठवून कळव.